हाफकिन आणि प्लेगची लस

सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एक विचित्र प्रकार सुरू झाला. धान्याच्या वखारींतून उंदीर दिवसाढवळ्या बाहेर येत, धडपडत चार पावले जात आणि मरून पडत. थोड्याच दिवसांत माणसे आजारी पडू लागली. ताप एकाएकी भडके, काखेत किंवा जांघेत गाठ येई, रोगी बरळू लागे, आणि पुष्कळदा आठवडा उलटण्यापूर्वीच त्याचा अंत होई. २३ सप्टेंबर रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग गाठीचा प्लेग होय असे जाहीर केले. हे व्हिएगस मूळचे गोव्याचे. मुंबईत त्यांचा वैद्यकीचा व्यवसाय होता.

प्लेगचे नाव ऐकताच शहराचा धीर सुटला. आगगाड्या माणसांनी भरून जाऊ लागल्या. बंदरावर कोकणात जाणाऱ्या बोटींसाठी झुंबड उडाली. गिरण्यांतील मागांवर माणसे मिळेनात. काही आठवड्यांत लक्षावधी लोक मुंबई सोडून गेले, आणि जाताना त्यांतील कित्येकांनी आपल्या बोचक्यांतून तो रोगही सोबत नेला.

सरकार व नगरपालिका हातावर हात ठेवून बसली नव्हती. गटारांतून समुद्राचे पाणी व जंतुनाशक औषधे सोडण्यात आली. घरांना चुना फासला, अंधाऱ्या खोल्यांत ऊन पडावे म्हणून छपरांवरील कौले काढली. परंतु हा रोग कसा पसरतो, हेच तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. रोगाचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता. उंदरांच्या अंगावरील पिसवा त्या जंतूचे वाहक आहेत, ही गोष्ट मात्र अद्याप पुढे यावयाची होती. घरे धुतली जात होती आणि पिसू निर्वेध हिंडत होती.

अशा या शहरात ७ ऑक्टोबर १८९६ रोजी एक परदेशी गृहस्थ येऊन दाखल झाले. वय छत्तीस, शरीर हिवतापाने खंगलेले, स्वभाव अबोल. त्यांचे नाव वाल्डेमार मोर्देकाय हाफकिन. प्लेगवर काही प्रतिबंधक उपाय शोधता येतो का, हे पाहण्याचे काम सरकारने त्यांजकडे सोपविले होते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. रशियात ज्यू लोकांना त्या काळी फार अन्याय सोसावा लागे. १८८१ मध्ये तेथे ज्यूंच्या विरुद्ध दंगली उसळल्या. तरुण हाफकिन त्या वेळी विद्यार्थी होते. आपल्या लोकांच्या संरक्षणासाठी ते पुढे झाले, जखमी झाले आणि पकडलेही गेले. प्राणिशास्त्राचे विख्यात प्राध्यापक मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू. त्यांनी खटपट केली म्हणून शिष्याची सुटका झाली.

शिक्षण उत्तम प्रकारे पूर्ण झाले. आता विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळावयास हरकत नव्हती. पण त्यासाठी स्वतःचा धर्म सोडून राजधर्म स्वीकारावा लागणार होता. हाफकिन यांनी त्यास साफ नकार दिला. काही वर्षे त्यांनी ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काम केले, आणि १८८८ मध्ये देश सोडला. प्रथम ते जिनिव्हाला गेले व पुढच्या वर्षी पॅरिसला. तेथे लुई पाश्चर यांच्या संस्थेत मेचनिकॉफ आधीच येऊन राहिले होते. तथापि रिकामी जागा होती ती फक्त ग्रंथपालाच्या साहाय्यकाची. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तके लावावयाची आणि उरलेल्या वेळी प्रयोगशाळेत जंतूंचा अभ्यास करावयाचा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या काळी युरोप आणि आशिया या दोन्ही खंडांत पटकीने हाहाकार माजविला होता. पटकी म्हणजे ज्याला आपण कॉलरा म्हणतो तो रोग. तिच्या जंतूंपासून लस बनविण्याच्या मागे हाफकिन लागले. सशांवर व इतर प्राण्यांवर प्रयोग यशस्वी झाले. परंतु जे सशाला मानवले, ते माणसाला मानवेल याची खात्री काय? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली. अंगावरील टिपणवहीत त्यांनी प्रत्येक लक्षणाची नोंद केली, आणि सहा दिवसांनी दुसरी मात्रा घेतली. मग त्यांच्या काही मित्रांनीही दंड पुढे केले.

लस निरुपद्रवी आहे हे ठरले. ती रोगापासून वाचविते की नाही, हे ठरावयाचे होते. त्यासाठी जेथे पटकी वर्षानुवर्षे ठाण मांडून बसली होती अशा देशात जाणे अवश्य होते. पॅरिसमधील ब्रिटिश वकील लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साहाय्याने मार्ग मोकळा झाला, आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

येथे त्यांच्यापुढे जी अडचण उभी राहिली, ती प्रयोगशाळेतील नव्हती. निरोगी माणसाने सुई का टोचून घ्यावी? आजारी माणूस औषध घेतो. पण मी तर धडधाकट आहे, असे लोक म्हणत. शिवाय टोचणारा परका, त्याची भाषा परकी. हाफकिन वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट काही सरकारी डॉक्टरांनाही खटकत असे. हाफकिन यांनी कोणावरही सक्ती केली नाही. चौधरी, घोष, चटर्जी व दत्त हे चार भारतीय डॉक्टर त्यांचे सहकारी होते. लोकांच्या बोलीत लोकांना समजावून सांगणारी ही माणसे बरोबर नसती, तर हाफकिन यांचे काम पुढे सरकले असते असे मला वाटत नाही.

मार्च १८९४ च्या अखेरीस कलकत्त्याच्या कट्टल बागान नावाच्या झोपडवस्तीत पटकीने दोन माणसे दगावली. वस्ती सुमारे दोनशे माणसांची. सर्वांची तळी एक, वाटा एक. त्यांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. पुढे त्या वस्तीत पटकीचे जे रोगी निघाले, ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते. बातमी पसरण्यास ढोल वाजवावा लागला नाही. सव्वादोन वर्षांच्या काळात आग्र्यापासून आसामच्या चहामळ्यांपर्यंत सुमारे ४२ हजार लोकांना ही लस देण्यात आली. या भटकंतीत हाफकिन यांना हिवतापाने गाठले. १८९५ मध्ये त्यांना युरोपात परतावे लागले. डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला होता. पण १८९६ च्या प्रारंभी ते पुन्हा हिंदुस्थानात हजर झाले. त्याच वर्षाच्या शेवटी प्लेगने त्यांना मुंबईस बोलावून घेतले.

ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना प्रयोगशाळेसाठी एक खोली व तिच्यालगतचा पडवीवजा बोळ मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी शहर पोखरणाऱ्या रोगाशी सामना आरंभिला. मदतनीस आजारी पडत, काही काम सोडून जात. हाफकिन रोज बारा-चौदा तास खोलीतून हलत नसत.

लस तयार करण्याची त्यांची रीत समजून घेण्याजोगी आहे. प्रथम मांसरस घ्यावयाचा. हा रस गाईच्या किंवा डुकराच्या मांसाचा असता, तर येथील लोकांनी लसीला स्पर्शही केला नसता. म्हणून त्यांनी बोकडाचे मांस वापरले. काचेच्या मोठ्या चंबूत तो रस भरून त्यावर तुपाचे थेंब सोडीत. प्लेगचे जंतू त्या तुपाच्या थेंबांना धरून वाढत आणि गुहेच्या छताला चुन्याची लोंबती झुंबरे असावीत तसे खाली लोंबत. चंबू हलविला की ती झुंबरे तुटून तळाशी बसत व वर नवी वाढ सुरू होई. असे सुमारे सहा आठवडे चाले. मग तो रस तासभर तापवून सगळे जंतू मारावयाचे व त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालावयाचे. मेलेले जंतू रोग उत्पन्न करू शकत नाहीत. पण शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखते, त्यांच्याशी लढण्याची तयारी करून ठेवते, आणि पुढे खरे जंतू आले तर त्यांना सज्ज फौज आढळते. घरच्या चुलीवरील तूप आणि पाश्चरांच्या शाळेतील विद्या यांचा असा मेळ क्वचितच पडला असेल!

डिसेंबरच्या अखेरीस सशांवरील प्रयोग पुरे झाले. १० जानेवारी १८९७ च्या सायंकाळी, फारसा गवगवा न करता, हाफकिन यांनी पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचवून घेतली. मात्रा होती दहा घनसेंटिमीटर. पुढे सामान्य माणसांना जी मात्रा दिली जाई, तिच्या तिपटीहूनही ही अधिक होती. त्यांना कडक ताप भरला, टोचलेली बाजू फार दुखू लागली. पण त्यांनी काम सोडले नाही. ताप उतरला तेव्हा ही वार्ता बाहेर फुटली, आणि कॉलेजातील प्राध्यापक, विद्यार्थी व शहरातील काही नामवंत मंडळी टोचून घेण्यास आपण होऊन आली.

त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना सर्व समजावून सांगण्यात आले व जे तयार झाले त्यांनाच लस देण्यात आली. साधारण निम्मे कैदी टोचलेले व निम्मे न टोचलेले असे दोन गट एकाच आवारात, एकाच अन्नावर राहिले. बंदिवान माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, असा प्रश्न आज आपल्या मनात येईल, आणि तो यावयासच हवा. निकाल मात्र डोळ्यांत भरण्यासारखा होता. टोचण्याच्या वेळीच ज्यांच्या अंगात रोग भिनलेला होता असे काही जण लगेच दगावले. त्यांना सोडून पाहता, न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघांनाच झाला व ते दोघेही वाचले.

याहूनही बोलकी कसोटी पुढच्या वर्षी बडोद्याजवळील उंधेरा या खेड्यात झाली. फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन तेथे गेले. गावात रोग पसरला होता. त्यांनी प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली. म्हणजे घर एक, चूल एक, उंदीर तेच. भेद तो काय सुईचा. नंतर ज्या घरांत प्लेग गेला, तेथील न टोचलेल्या माणसांपैकी २७ जणांना तो झाला व त्यांतील २६ दगावले. त्याच घरांतील टोचलेल्यांपैकी ८ जणांना झाला व त्यांतील ३ दगावले. लस अभेद्य कवच नव्हती. तिने ताप येई, दंड सुजे, आणि तिचा प्रभाव काही महिनेच टिके. हाफकिन हे कधी लपवीत नसत. त्यांनी रोगापासून पूर्ण सुटका देऊ केली नव्हती. मरणाची शक्यता पुष्कळ कमी करून दाखविली होती.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने सरकारचे प्लेगविरोधी उपाय चालू होते. १८९७ मध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांकडून घरे तपासण्यात आली. स्त्रियांच्या अब्रूचा व देवघराच्या पावित्र्याचा विचार न करता झडत्या झाल्या. रोग्यांना जबरदस्तीने घरच्या माणसांपासून दूर नेले जाई. लोक इतके भ्याले व चिडले की रोगी लपवू लागले. त्या संतापाचा भडका २२ जून रोजी उडाला, आणि प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सावित्रीबाई फुले याच पुण्यात, त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. एकाच शहरात, एकाच साथीत रोग्याच्या दाराशी सोजीर गेला आणि सावित्रीबाईही गेल्या. कोणाला दार मनापासून उघडले गेले असेल, हे सांगावयास नको.

मुंबईत हाफकिन यांना आगाखान यांचा मोठा आधार मिळाला. खोजा समाजाचे हे तरुण धर्मप्रमुख स्वतः लोकांदेखत लस टोचून घेत. त्यांचे पाहून त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. त्यांनी आपला माझगावचा खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. पुढे तोही अपुरा पडू लागला, आणि १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. एका खोलीतील काम आता गव्हर्नरांच्या जुन्या महालात आले. तेथून लसीच्या बाटल्या देशभर आणि देशाबाहेरही जाऊ लागल्या.

यानंतर जे घडले ते सांगताना मन जड होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ माणसांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना जी लस मिळाली, ती एकाच बाटलीतील होती. काही दिवसांत या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि सर्वच्या सर्व मरण पावले. प्लेगपासून वाचण्यासाठी विश्वासाने दंड पुढे करणारी ही माणसे होती. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

चौकशी समिती नेमली गेली. बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेत भरतानाच दूषित झाली असावी, असे तिचे मत पडले. लस जलद बनविण्यासाठी हाफकिन यांनी नव्या रीतीत कार्बोलिक ॲसिड वगळले होते व केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. यावरही समितीने बोट ठेवले. हाफकिन यांना आपल्या जागेवरून दूर व्हावे लागले. ते इंग्लंडला गेले. ज्याने स्वतःला सुई टोचून आरंभ केला, त्याच्याकडे लोक एकोणीस माणसांच्या मृत्यूचे कारण म्हणून पाहू लागले.

हाफकिन यांनी आकांडतांडव केले नाही. ते पुरावा गोळा करीत राहिले. १९०६ च्या अखेरीस चौकशीचे कागद प्रसिद्ध झाले, तेव्हा इतर शास्त्रज्ञांना ते तपासता आले. त्यांत एक महत्त्वाची गोष्ट नमूद होती. मुल्कोवाल येथे ती बाटली उघडतेवेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत नीट शुद्ध न करता नुसता औषधी पाण्यात बुचकळून त्याने त्याच चिमट्याने बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तुम्हांस ठाऊक आहेच. शिवाय ही बाटली मुंबईत भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस ते जंतू आत वाढले असते, तर बाटली उघडताच दुर्गंधी सुटली असती. तशी ती सुटल्याची नोंद नव्हती. आत विष आधीच साचलेले असते, तर रोगाची लक्षणेही फार लवकर दिसली असती. ती दिसावयास सुमारे आठवडा लागला होता. बाटली मुंबईत बिघडली नव्हती, हे यावरून जवळजवळ उघड होते.

मच्छर आणि हिवताप यांचा संबंध शोधून काढणारे रोनाल्ड रॉस हे हाफकिन यांच्या बाजूने हिरिरीने उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात आपल्या सह्यांनी पत्र प्रसिद्ध करून हाफकिन निर्दोष असल्याचे सांगितले. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. अखेर त्या वर्षाच्या शेवटी सरकारने त्यांना पुन्हा कामावर बोलावले. पाच वर्षे गेली होती. परळची जागा मात्र त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली. मोठ्या प्रमाणावर लसीचे काम करण्याची मोकळीक तेथे त्यांना नव्हती. निर्दोष ठरविणे आणि न्याय देणे या दोहोंत अंतर असते, ते असे.

१९१४ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात परतले. विवाह त्यांनी केला नव्हता. फ्रान्समध्ये व नंतर स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते एकांतात राहिले. धर्मग्रंथांचे वाचन आणि आपल्या ज्यू बांधवांची सेवा यांत त्यांचे उत्तरायुष्य गेले. पूर्व युरोपातील ज्यू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी आपली मिळकत देऊन टाकली.

इकडे परळच्या प्रयोगशाळेचे काम वाढत राहिले. १८९७ ते १९२५ या काळात तेथून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या. १९२५ मध्ये त्या संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव देण्यात आले. त्यांनी दूर देशातून पत्र पाठवून संस्थेच्या चालकांचे आभार मानले. आपल्या आयुष्यातील सर्वोत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेली, असे त्यांनी त्या पत्रात कळविले. मुल्कोवालचा उल्लेखही त्यांनी केला नाही.

२६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.